साठ हजार टापांचा हिशेब

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात दर उन्हाळ्यात, शक्यतो पौर्णिमेच्या जवळचा शनिवार गाठून, पहाटे सव्वापाचच्या सुमारास दीडेकशे घोडेस्वार एका रानवाटेवर निघतात. ताहो सरोवराजवळून निघालेली ही वाट डोंगरखिंडी, ग्रॅनाइटचे खडक, भट्टीसारख्या तापलेल्या दऱ्या आणि शेवटी चंद्रप्रकाशात ओलांडायची एक नदी पार करून ऑबर्न या गावी पोचते. अंतर 100 मैल, म्हणजे 160 किलोमीटर. मुदत 24 तासांची. ‘टेविस कप’ नावाने ओळखली जाणारी ही दौड 1955 साली वेंडेल रोबी या स्थानिक उद्योजकाने सुरू केली. हल्लीचे घोडे एका दिवसात शंभर मैल जाऊ शकतील का, ही शंका त्याला खोडून काढायची होती. जाऊ शकतात, हे सिद्ध झालं. पण सगळेच नाही. आजही निघालेल्यांपैकी जेमतेम निम्मे घोडे शेवटपर्यंत पोचतात.

उरलेल्यांचं घोडं नेमकं कुठे पेंड खातं? ऐकणाऱ्याला वाटतं, दमछाक होत असेल, छाती भरून येत असेल. तसंही होतं. पण लांब पल्ल्याच्या दौडींमध्ये घोडा बाद होण्याचं सर्वांत मोठं कारण जगभर एकच आहे, ते म्हणजे लंगडणं. आणि लंगडण्याचा माग काढत गेलं, की अनेकदा शोध पायाच्या अगदी खालच्या टोकाशी, खुरापाशी येऊन थांबतो. म्हणूनच या खेळातल्या माणसांमध्ये जातीवंत घोडा, खोगीर, खुराक यांच्याइतकाच एक विषय तावातावाने चर्चिला जातो: घोड्याच्या पायात काय घालायचं? लोखंडी नाल, ॲल्युमिनियमचा नाल, प्लॅस्टिकचा नाल, पट्ट्याचे बूट, चिकटवलेले बूट, की काहीच नाही?

प्रश्नाचं वजन कळायला आधी खूर म्हणजे काय ते पाहायला हवं. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो. आपल्या मधल्या बोटाशी जुळणारं ते बोट. खूर म्हणजे त्या बोटाचं नख, पण बोटाला चहूबाजूंनी वेढून घेणारं. आत एक हाड असतं आणि ते खुराच्या भिंतीला आतून अक्षरशः टांगलेलं असतं. भिंतीच्या आतल्या बाजूला साडेपाचशे ते सहाशे उभे पापुद्रे असतात, प्रत्येक पापुद्र्याला शंभराहून अधिक बारीक उपपापुद्रे, आणि ते हाडावरच्या तशाच पापुद्र्यांत दोन हातांची बोटं गुंफावीत तसे गुंफलेले. चार-साडेचारशे किलोचं धूड या गुंफणीवर तोललेलं असतं. भरधाव पळताना तर एखाद्या क्षणी एकाच पायावर संपूर्ण शरीराच्या वजनापेक्षाही जास्त भार येतो.

खुराच्या तळाशी, मागच्या बाजूला रबरासारखा लवचीक त्रिकोणी भाग असतो, त्याला ‘फ्रॉग’ म्हणतात. त्याच्या वर तंतूंची आणि कूर्चेची गादी असते. पाय जमिनीवर टेकला की टाचेकडचा भाग किंचित फाकतो, गादी दबते, धक्का जिरतो आणि रक्त वर ढकललं जायला मदत होते. पाय उचलला की खूर पुन्हा आवळतो. हे फाकणं डोळ्यांना दिसत नाही इतकं बारीक असतं. पण लोखंडाची कडी खिळ्यांनी ठोकली तर त्याला आडकाठी होते, हे ब्रेसी क्लार्क या इंग्लिश पशुवैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडलं होतं. त्यावर उपाय म्हणून त्याने सांध्याचा, उघडझाप होणारा नाल करून पाहिला. तो काही चालला नाही. मात्र त्याने काढलेला प्रश्न दोनशे वर्षांनंतरही मिटलेला नाही.

आता थोडं अंकगणित. खुराची भिंत महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढते, म्हणजे दिवसाला फार तर 0.3 मिलिमीटर. दुडक्या चालीत घोडा एका पूर्ण ढांगेत अडीच-पावणेतीन मीटर पुढे जातो. या हिशेबाने 160 किलोमीटरच्या वाटेवर प्रत्येक पाय जवळजवळ 60 हजार वेळा जमिनीवर आदळतो. खडकाळ, खरखरीत वाटेवर एका दिवसात होणारी झीज त्या दिवसाच्या वाढीच्या कितीतरी पट असते. रानटी घोडाही दिवसात बरंच अंतर तोडतो, पण रमतगमत, पाठीवर ओझं न घेता. माणूस खोगीर चढवून, पाठीवर बसून, ठरावीक मुदतीत पोचायचा हट्ट धरतो, तेव्हा त्या झिजेची जबाबदारीही त्याच्याकडे येते.

ही जबाबदारी माणसाने फार पूर्वी ओळखली होती. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातल्या ग्रीक झेनोफोनने घोड्यांचे खूर टणक व्हावेत म्हणून त्यांना गोट्यांच्या अंगणात उभं करायला सांगितलं आहे. रोमन लोक घोड्यांच्या पायाला लोखंडी तळाची वहाण बांधत, म्हणजे आजच्या बुटाची खापरपणजीच. खिळ्यांनी ठोकायचा नाल युरोपात सर्रास झाला तो त्यानंतर बऱ्याच शतकांनी. मराठी मुलखात तर हा विषय थेट महसुलाच्या भाषेत शिरला. मराठेशाहीत शिलेदारांना स्वारीआधी तयारीसाठी जी आगाऊ रक्कम दिली जाई, तिला ‘नालबंदी’ म्हणत. नालबंद हे आडनाव आजही सांगली-कोल्हापूरकडे भेटतं. आणि ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखान्याकडे निघालेल्या बैलांच्या पायांना पत्री ठोकतात, ती याच विद्येची धाकटी पाती. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, एका बैलाला आठ.

तर लोखंडी नाल. शेकडो वर्षं टिकलेली वस्तू उगाच टिकत नाही. तो स्वस्त असतो, तापवून-ठोकून हवा तसा आकार देता येतो, चिखलात निघून येण्याची शक्यता कमी आणि घासला तरी महिना-सव्वा महिना पुरतो. चांगल्या नालबंदाच्या हातून बसलेला नाल हा आजही लांब पल्ल्याच्या बहुसंख्य घोड्यांचा आधार आहे. त्याची अडचण तीन ठिकाणी येते. पहिली म्हणजे तो फक्त खुराच्या कडेला वाचवतो, तळवा उघडाच राहतो. टोकदार दगड नेमका तळव्यात बोचला तर आतल्या आत रक्त साकळतं, पुढे तिथे पू होऊ शकतो, आणि सकाळी ठणठणीत असलेला घोडा दुपारी तीन पायांवर उभा राहतो. यासाठी नाल आणि खूर यांच्यामध्ये चामड्याचा किंवा प्लॅस्टिकचा तळ घालतात आणि पोकळीत सिलिकॉन भरतात. दुसरी अडचण खिळ्यांची. दर पाच-सहा आठवड्यांनी त्याच भिंतीत नव्याने सहा-आठ खिळे ठोकायचे, तर ठिसूळ खुराचे टवके उडू लागतात. तिसरी अडचण वजनाची.

वजनाचं हे प्रकरण गमतीचं आहे. पाठीवर 200 ग्रॅम जास्त ठेवले तर घोड्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. तेच 200 ग्रॅम पायाच्या टोकाला लावले, तर ते प्रत्येक ढांगेत उचलायचे, पुढे फेकायचे, थांबवायचे आणि परत उचलायचे. हातोडा दांड्याच्या मधोमध धरून हलवा आणि मग दांड्याच्या टोकाला धरून हलवा, फरक मनगटाला लगेच कळतो. 60 हजार ढांगांत 200 ग्रॅम म्हणजे एका पायाने दिवसभरात 12 टन जादा उचलले. चार पायांचे 48 टन. यातली काही ऊर्जा कंडरांच्या स्प्रिंगमुळे परत मिळते, म्हणून हा हिशेब ढोबळच समजायचा. तरीही ॲल्युमिनियमचा मोह का होतो हे त्यावरून कळतं. लोखंडाच्या तुलनेत त्याचं वजन एक तृतीयांशाच्या आसपास. पण ग्रॅनाइटवर ते खडूसारखं झिजतं. शर्यतीच्या मैदानावर, मऊ मातीत शोभणारा हा नाल डोंगरात नेणं शहाणपणाचं नाही.

अरबी आखातातल्या वाळूच्या सपाट मार्गांवर हेच गणित पुन्हा बदलतं. तिथे दगडाची भीती कमी आणि वेग मात्र खूप जास्त, त्यामुळे हलकेपणाला किंमत. म्हणजे ‘सर्वांत चांगला नाल कोणता’ या प्रश्नाला ‘कुठे पळायचं आहे’ हे कळल्याशिवाय उत्तरच नाही. हे उघड वाटतं, पण दुसऱ्याच्या जिंकलेल्या घोड्याच्या पायात काय होतं ते पाहून खरेदी करणारे या खेळातही आहेतच.

आणखी एक घटक नवख्यांच्या लक्षात येत नाही: घसरणं. डांबरी रस्त्यावर किंवा गुळगुळीत कातळावर लोखंड घसरतं. हे माथेरानच्या अश्वपालांना कोणी शिकवायला नको. मोटारींना बंदी असलेल्या त्या डोंगरावर लाल मातीच्या वाटांवर पेव्हर ब्लॉक बसवायला घेतले, तेव्हा घोडे घसरतात ही त्यांची एक मोठी तक्रार होती, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. घसरण टाळायला नालाला टंगस्टन कार्बाइडचे कठीण ठिपके जोडता येतात. पण पकड जितकी जास्त तितकं चांगलं, हेही खरं नाही. पाय टेकताना तो निसर्गतः थोडासा पुढे सरकतो आणि त्या सरकण्यातच धक्क्याचा एक भाग विरतो. खूर जागीच खिळला, तर तो झटका वरच्या सांध्यांना आणि कंडरांना सोसावा लागतो. वळणावर तर पाय खाली अडकून शरीर वर पिळलं जातं. थोडं घसरू देणारा आणि फार न घसरू देणारा, असा सुवर्णमध्य शोधावा लागतो.

दरम्यान, लोखंडाला पर्याय शोधणारे स्वस्थ बसले नव्हते. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत घोड्यासाठी पॉलियुरेथेनचा बूट बाजारात आला. मूळ कल्पना साधी होती. नाल निखळला तर वेळ निभावून न्यायला खोगिराला अडकवून ठेवायचं एक सुटं चाक. हळूहळू स्टेपनीचंच मुख्य चाक झालं. नाल न ठोकता घोडा ठेवायचा, एरवी त्याला मोकळ्या पायांनी हिंडू द्यायचं आणि सवारीपुरते बूट चढवायचे, अशी पद्धत रुजत गेली. बूट तळव्यासकट सगळा खूर झाकतो, धक्का काही प्रमाणात जिरवतो, खिळा एकही मारावा लागत नाही आणि काम झालं की काढून ठेवता येतो.

पण बूट मापाला अतिशय चिकट असतो. आपल्या चपलेत अर्धा नंबर इकडेतिकडे चालतो, इथे दोन-तीन मिलिमीटरही चालत नाहीत. सैल बूट गोल फिरतो, चिखलात निघून येतो किंवा निघता निघता पट्ट्याला लोंबकळत राहून घोड्याला बिथरवतो. घट्ट बूट टाचेच्या वरची कातडी सोलतो. वाळूचा बारीक कणही आत अडकून 50 किलोमीटर घासत राहिला की जखम ठरलेली. शिवाय खूर वाढतो, त्यामुळे तासल्यानंतर दुसऱ्या दिवशी बरोबर बसलेला बूट पाचव्या आठवड्यात चढतच नाही. त्यातून पुढच्या पायांचे खूर गोलसर आणि मागच्यांचे निमुळते, आणि डावा-उजवाही क्वचितच तंतोतंत सारखा. म्हणून माप घ्यायचं ते खूर तासल्यानंतर लगेच, चारही पायांचं, रुंदी आणि लांबी दोन्ही. आणि नवे बूट थेट स्पर्धेत नाही, तर आधी दोन किलोमीटर, मग दहा, मग तीस, एकदा तरी पाण्यातून आणि एकदा तरी उतारावरून चालवून पाहायचे.

पट्टे, बकल, घासणं या कटकटींवर तोडगा म्हणून बुटाचं कवच थेट खुरावर चिकटवण्याची युक्ती निघाली. बांधायला काहीच नाही, म्हणून वजनही कमी. 2012 च्या टेविस कपमध्ये गॅरेट फोर्ड हा स्वार ‘द फ्युरी’ नावाच्या घोड्यावर अशाच चिकटवलेल्या बुटांवर पहिला आला, तेव्हा लोखंडाशिवाय डोंगर जिंकता येत नाही हा समज मोडला. फोर्ड स्वतः हे बूट बनवणाऱ्या कंपनीचा प्रमुख होता, हे लक्षात ठेवून त्या विजयाकडे पाहायला हवं. पण घोड्याचे पाय काही जाहिरातीला भुलून शंभर मैल चालत नाहीत.

चिकटवणं वाटतं तितकं सोपं नाही. खुराची भिंत कानशीने खरवडून खडबडीत करायची, सगळी धूळ आणि तेलकटपणा घालवायचा आणि मुख्य म्हणजे ओल पूर्ण जाईपर्यंत गरम हवेने वाळवायची. खूर वाळलेला दिसला तरी त्यात पाणी असतं. नंतर ॲक्रिलिक जातीचा गोंद लावून कवच चढवायचं आणि गोंद धरेपर्यंत पाय स्थिर ठेवायचा. या काळात घोड्याने पाय झटकला, चिकटवणाऱ्याने उघड्या बोटांनी भिंतीला हात लावला किंवा पावसाची सर आली, तर बूट तिसऱ्या डोंगरावर निघून पडणार. बरं, ते नीट बसले तरी कायमचे नाहीत. बंद तळव्याखाली ओल आणि अंधार मिळाला की जंतूंचं फावतं, फ्रॉग सडू लागतो. म्हणून दौड संपली की आठवडा-दहा दिवसांत ते उचकटून काढणं बरं. पावसाळी हवेत, मऊ पडलेल्या खुरांवर ही पद्धत बेभरवशाचीच म्हणायची.

राहता राहिला अनवाणी घोडा. मंगोलियात 2009 पासून होणाऱ्या ‘मंगोल डर्बी’ या सुमारे 1000 किलोमीटरच्या दौडीत स्थानिक घोड्यांना नाल नसतो, हे उदाहरण नेहमी दिलं जातं. पण तिथे स्वार दर 40 किलोमीटरच्या आसपास घोडा बदलतो, जमीन बहुतांश गवताळ असते आणि ते घोडे जन्मापासून त्याच भूमीवर फिरलेले असतात. तबेल्यात भुशावर उभा राहणारा, दिवसातून तासभर बाहेर येणारा घोडा आणि तो घोडा यांच्या तळव्यांत अनवाणी शेतकऱ्याच्या आणि कारकुनाच्या पायांइतका फरक. नाल काढला की लगेच खूर ‘नैसर्गिक’ होत नाही. तळवा जाड व्हायला, टाचेची गादी भरायला कित्येक महिने लागतात, आणि त्या महिन्यांत घोड्याला दुखत असेल तर बूट घालायलाच हवेत. अनवाणीपणाच्या काही कट्टर पुरस्कर्त्यांना हे मान्य नसतं. लंगडत चालणाऱ्या घोड्याला त्यांचं तत्त्वज्ञान कळत नाही.

खुराचं संरक्षण पायात काय घातलं यावर जितकं अवलंबून, तितकंच पोटात काय गेलं यावर. स्टार्च आणि साखरेचा मारा झाला, दाण्याच्या कोठीत घोडा घुसला किंवा गुबगुबीत जनावर कोवळ्या गवतावर सोडलं, तर हाडाला टांगून ठेवणारी ती पापुद्र्यांची गुंफण सुजून सैल होऊ शकते. या आजाराला लॅमिनायटिस म्हणतात. तो बळावला तर हाड आतल्या आत कलतं आणि घोडा गमवायची वेळ येते. ठिसूळ खुरांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाचा उपयोग होतो, हे लिपिझानर घोड्यांवरच्या 1990 च्या दशकातल्या अभ्यासात दिसलं होतं. मात्रा रोज 20 मिलिग्रॅम, पण फरक दिसायला नऊ महिने आणि त्याहून अधिक काळ. हे स्वाभाविक आहे. जुनी भिंत सुधारत नाही, वरून नवी उगवून खाली यावी लागते, आणि पुढच्या कडेपर्यंत पोचायला तिला नऊ महिने ते वर्ष लागतं. स्पर्धेच्या महिनाभर आधी डबा विकत घेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

वेळेचं हेच भान नाल ठोकतानाही लागतं. नवा नाल स्पर्धेच्या आदल्या दिवशी ठोकायचा नाही. खिळा जिवंत भागाच्या फार जवळून गेला असेल तर ते दुखणं एक-दोन दिवसांनी वर येतं. म्हणून आठ-दहा दिवस आधी नालबंद गाठायचा. फार आधीही नको, कारण सहा आठवड्यांत खुराचं टोक लांबतं, पाय जमिनीवरून उचलायला उशीर होतो आणि तो ताण मागच्या कंडरेवर पडतो. लांब टोक ही नालाच्या प्रकाराच्या वादात हरवून जाणारी गोष्ट. वाईट तासलेल्या खुरावर महागडा बूट आणि वाईट तासलेल्या खुरावर स्वस्त नाल, दोन्ही सारखेच निरुपयोगी.

भारतीयांसाठी हा विषय आता परदेशातल्या बातमीपुरता उरलेला नाही. केरळच्या निदा अंजुम हिने 2023 मध्ये फ्रान्समध्ये तरुण स्वारांच्या जागतिक एंड्युरन्स स्पर्धेत 120 किलोमीटरची दौड पूर्ण केली. आपल्याकडेही मारवाडी घोड्यांवर अशा दौडी होतात. भीमेच्या खोऱ्यातली भीमथडी तट्टं, जी मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेली होती, त्यांच्या जतनाची खटपट सुरू आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा पारखताना भोवरे, रंग, चाल सगळं बारकाईने पाहिलं जातं. तिथे प्रत्येक पाय उचलून तळवा पाहणारा, भिंतीवरच्या आडव्या वळ्या मोजणारा गिऱ्हाईक लांब पल्ल्यासाठी घोडा शोधत असेल तर योग्य ठिकाणी पाहतो आहे. त्या वळ्यांमध्ये मागच्या वर्षभरातलं आजारपण आणि उपासमार लिहिलेली असते.

स्पर्धेच्या दिवशी मात्र अंतिम निकाल पशुवैद्याचा. ठरावीक टप्प्यांवर घोडे थांबवले जातात. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या नियमांनुसार ठरलेल्या मिनिटांत हृदयाचे ठोके 64 पर्यंत उतरावे लागतात. मग खोगीर उतरवून, लगाम सैल धरून, घोड्याला कठीण आणि सपाट जमिनीवर दुडक्या चालीने पळवत नेतात आणि परत आणतात. पशुवैद्य मान पाहतो. पुढचा पाय दुखत असेल, तर तो टेकताना मान वर जाते आणि चांगला पाय टेकताना खाली येते. ही लय बिघडलेली दिसली की तो घोडा तिथेच थांबतो, मग पायात काहीही असो. शेजारी नालबंद भाता आणि ऐरण मांडून बसलेला असतो. अनुभवी स्वार आपल्या खोगिरामागे एक जादा बूट बांधून येतात आणि टप्प्यावर पोचल्यावर पाणी पाजण्याआधी चारही पाय उचलून पाहतात.